पर्लचा कोंबडा

डॉक्टरीणबाईंनी पर्लचा मागचा पाय वाकवून पाहिला, कानात बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "एवढा मोसम होऊ द्या. पुढच्या वर्षी मात्र हिला शेतात नेऊ नका."

पर्लनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. नऊ वर्षं ओळखतोय.

पर्ल आमची काळी लॅब्रॉडॉर, वय वर्षं अकरा. पडलेला फेझंट, म्हणजे रानकोंबड्यासारखा लांब शेपटीचा पक्षी, शोधून आणणं हे तिचं काम, आणि त्यात ती इतकी चोख, की ज्याच्या बारानं पक्षी पडला त्याच्याच हातात नेऊन देणार. मध्ये कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी दाद देणार नाही. नऊ मोसमांत तिनं माझ्या सासऱ्यांना ढिगानं पक्षी दिले, शेजारच्या डुएनला दिले, एकदा तर आमच्या पाद्रीबुवांना दिला, आणि ते बिचारे त्या दिवशी पहिल्यांदाच बंदूक धरत होते. मला एकही नाही. कारण सरळ आहे, मी एकही पाडला नाही. कुत्रीचा यात काडीचा दोष नाही. पण जिला रोज सकाळी मी खायला घालतो, जिच्या गोळ्या मी लोण्यात लपवतो, तिनं दर वर्षी माझ्या बारानंतर धावत जावं, मोकळ्या शेतात दोन गिरक्या घ्याव्यात आणि परत येऊन माझ्याकडे तसं बघावं, हे मनाला लागतं. अलीकडे तर माझा बार झाला की ती उठतसुद्धा नाही.

तर दवाखान्यातून परत येताना गाडीतच मी ठरवलं, की या ऑक्टोबरात पर्लच्या तोंडातून एक तरी पक्षी माझ्या हातात आला पाहिजे. एकच. त्यानंतर तिनं खुशाल शेगडीपुढे झोपावं.

घरी येऊन बायकोला, मार्नीला, सांगितलं.

"मग नेम धरायला शिक," ती म्हणाली.

"नेमाचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "प्रश्न साधनांचा आहे. छर्रे कुठले, चोक कुठला, याचा मी आजवर शास्त्रशुद्ध विचारच केला नाही."

मार्नी इस्त्री करत होती, तिनं कॉलर उलटी केली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणसाला कॉलरच्या उलटण्यातलं सुद्धा कळतं.

मी गावच्या शाळेत बँड शिकवतो. बेसूर आवाज आला की आधी वाद्य तपासावं आणि मग वाजवणाऱ्याला बोल लावावा, हे मी पालकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या न्यायानं मी वेंडेलच्या दुकानात गेलो. साउथ डाकोटातल्या आमच्या व्हेस्टबी गावात रंग, उंदरांचे सापळे आणि काडतुसं एकाच दुकानात, एकाच रांगेत मिळतात. वेंडेल तिथे चाळीस वर्षं उभा आहे, आणि गिऱ्हाईक मूर्ख आहे असं धरून चाललं की वेळ वाचतो हे त्याला पहिल्या वर्षीच उमगलं असावं.

"फेझंटसाठी काडतुसं हवीत," मी म्हणालो.

"ऑक्टोबरात दुसरं काय मारणार, हत्ती? शिसं की स्टील?"

"दोन्हींत फरक काय?"

त्यानं हातातला रंगाचा डबा खाली ठेवला. "शिसं जड. लांब जातं, लागलं की बसतं. स्टील हलकं, पण सरकारी पाणथळीत शिसं चालत नाही, बदकं खातात आणि मरतात. तू कुठे उभा राहणार?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सासरेबुवांच्या मक्याच्या शेताला लागून सरकारी पाणथळ आहे आणि मध्ये एक तारेचं कुंपण. शेत खासगी, तिथे शिसं चालतं. तारेपलीकडे स्टीलच. फेझंटला वाचता येत नसल्यामुळे तो दोन्हीकडे उडतो. मी कायदा पाळणारा माणूस आहे. मी दुकानातूनच शिकार खात्याच्या कचेरीत फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"समजा, मी सासऱ्यांच्या शेतात उभा आहे," मी म्हणालो, "शिशाचा बार काढला, आणि पक्षी पाणथळीत जाऊन पडला. तर?"

"तुम्ही शेतात उभे होतात ना? मग चालेल."

"पण तो आणायला मी पलीकडे गेलो आणि माझ्या खिशात शिशाची उरलेली काडतुसं आहेत. तर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "काडतुसं खाली ठेवून जा."

"कुठे ठेवू? तार तर त्याच ठिकाणी आहे. आणि समजा मी पडलेला पक्षी आणायला कुत्रीला पाठवलं, कुत्रीच्या पोटात काही..."

"सर," बाई म्हणाल्या, "आत्तापर्यंत असं किती वेळा झालंय?"

"एकदाही नाही."

"म्हणजे तुमचे किती पक्षी पाणथळीत पडले?"

"पाणथळीत असं नाही. तसा अजून कुठेच पडलेला नाही."

बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "मग आपण हा प्रश्न पक्षी पडल्यावर घेऊ या का?"

वेंडेलनं हे सगळं ऐकलं होतं. दुकानात आणखी तिघं होते, त्यांनीही ऐकलं होतं. मी फोन ठेवला आणि स्टीलची पेटी मागितली. स्टील दोन्हीकडे चालतं. संशयाला जागा नको.

"शिसं घेतलं असतंस तर सहा नंबर दिला असता," वेंडेल म्हणाला. "स्टील हलकं, म्हणून चार नंबर घे. छर्रा मोठा हवा."

"मोठा हवा तर चार का? आठ दे."

"आठ म्हणजे बारीक. नंबर वाढला की छर्रा लहान होतो."

मी मान डोलावली. त्या क्षणी मला संशय यायला हवा होता. बारा बोरची नळी वीस बोरपेक्षा मोठी, चार नंबरचा छर्रा आठापेक्षा मोठा, म्हणजे या सगळ्या विद्येत आकडे शीर्षासन करतात, हे कळायला खरं तर मला अडचण पडू नये. मी वर्गात दर वर्षी शिकवतो, की सोळाव्या भागाचा सूर चौथ्या भागाच्या सुरापेक्षा लहान असतो, आणि मागच्या बाकावरची मुलं दर वर्षी उलट समजतात. मी त्या मुलांना काय काय बोललोय ते इथे लिहीत नाही.

"आणि चोक मोकळा लाव," वेंडेल पेटी बांधता बांधता म्हणाला. "सुरुवातीचे पक्षी पायाशी येऊन उठतात. मोकळा चोक लावलास की छर्रे पसरतात, तुझ्यासारख्याला ते बरं. स्टील तसंही झुंडीनं जातं. घट्ट चोकातून मारू नकोस, नळीची वाट लागेल."

चोक म्हणजे बंदुकीच्या तोंडात पिळून बसवायची बोटभर लांबीची नळी. ती जेवढी तोंडाशी आवळलेली, तेवढे छर्रे एकगठ्ठा जातात. माझ्या बंदुकीबरोबर असे पाच चोक एका डबीत आले होते आणि मी ती डबी एकदाही उघडली नव्हती. घरी येऊन उघडली. प्रत्येकाच्या अंगावर नाव कोरलेलं, पण मुंगीच्या अक्षरात. त्यातल्या दोघांच्या नावात 'सुधारित' होतं. काय सुधारलं, कोणी सुधारलं, आणि बाकीच्या तिघांना तसंच बिघडलेलं का ठेवलं, याबद्दल डबीत एक अक्षर नाही. मात्र प्रत्येकाच्या काठावर खाचा होत्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, असं करत पाचापर्यंत. मला हायसं वाटलं. जेवढ्या खाचा तेवढा आवळलेला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी एका खाचेचा उचलला, पिळून घट्ट बसवला आणि तसाच सासऱ्यांच्या शेतावर गेलो.

सासऱ्यांचं नाव अर्लिन. वय ब्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, दात दोन्हीकडचे बसवलेले, आणि नजर अजून अशी की शेताच्या टोकाला बसलेली चिमणी नर की मादी ते सांगतील. मला ते 'जावईबापू' म्हणतात. तोंडावर म्हणतात तेव्हा ठीक, पण माझ्या पाठीमागेही जावईबापूच म्हणतात, आणि तेव्हा लोक हसतात असं मला कळलंय.

कोठाराच्या मागे मी वीस पावलं मोजली आणि कुंपणाला कागद टांगला. कागद म्हणजे शाळेच्या वसंत संगीतसभेचा जुना फलक होता, पाठकोरा. मध्ये काळ्या खडूनं फेझंट काढला. बार काढला. फेझंटच्या छातीच्या जागी जेवणाच्या ताटाएवढं भोक पडलं आणि भोकातून पलीकडची गाय दिसू लागली. गायीला काही झालं नव्हतं, ती लांब होती. पण माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी भेदलं होतं.

डुएन तेवढ्यात आलाच. तो आमचा शेजारी, काउंटीच्या रस्त्यांवर मुरूम सपाट करायच्या यंत्रावर आयुष्य काढलेला. निवृत्त झाल्यापासून तो माणसं सपाट करतो.

"मोकळा चोक लावलाय ना?" त्यानं भोकात डोकं घालून विचारलं.

"एकदम मोकळा."

"यातून माशी निसटायची नाही. किती खाचा?"

"एक."

डुएननं भोकातून डोकं बाहेर काढलं. "अरे, एक खाच म्हणजे सगळ्यात घट्ट. पाच खाचांचा तो मोकळा."

"असं कोण म्हणतं?"

"ज्यानं बंदूक बनवली तो."

अर्लिन ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "जावईबापू," ते तिथूनच म्हणाले, "काढून टाक तो. स्टील आहे, नळी फाकेल."

मी किल्ली लावली आणि पिळलं. चोक हलेना. पुन्हा पिळलं. मनगटातून कळ आली, चोक तसाच. डुएन म्हणाला तेल सोड. अर्लिन म्हणाले गरम पाणी ओत. मार्नीला फोन केला तर ती म्हणाली, बरणीचं झाकण अडकलं की ती रबरी हातमोजा घालून फिरवते. मी तिन्ही केलं. घरी आणून बंदूक रात्रभर तळघरात थंडीत ठेवली, मग केस वाळवायच्या यंत्रानं शेकली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी रेनडियरची चरबी सुचवली, ती गावात मिळत नाही. चार दिवस मी येता जाता त्या चोकशी झटापट केली. मोसम उघडायला दोनच दिवस उरले, आणि पर्ल जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं पाहत होती.

पाचव्या दिवशी मला माझ्या धंद्यातली युक्ती सुचली. ट्रम्पेटचा माउथपीस अडकला की तो ओढून काढायचं एक अवजार असतं, दोन जबड्यांचं, मध्ये स्क्रू. माझ्याकडे शाळेचं होतं. ते मी नळीच्या तोंडाला लावलं आणि आवळलं. त्यानं चोकला धरलं ते इतकं धरलं, की आता चोकही निघेना आणि अवजारही निघेना. बंदुकीच्या टोकाला पितळी खेकडा चावून बसल्यासारखं दिसत होतं. म्यान बसेना. शेवटी मार्नीचं जेवणाच्या टेबलावरचं निळ्या चौकड्यांचं कापड त्यावर गुंडाळलं आणि वेंडेलकडे चालत निघालो.

आमच्या गावात ऑक्टोबरात माणूस उघडी बंदूक घेऊन भर चौकातून गेला तर लोक फार तर हवापाण्याचं विचारतात. मी बंदूक झाकली, ही चूक झाली. दुकानाच्या अलीकडेच शेरीफच्या माणसानं गाडी थांबवली. तो माझाच विद्यार्थी, तिसरी क्लॅरिनेट वाजवायचा आणि अजून कुठेतरी मागेच राहिल्यासारखा दिसतो.

"सर," तो म्हणाला, "कापडात काय आहे?"

"बंदूक."

"खरंच?"

मी कापड बाजूला केलं. त्यानं बंदूक पाहिली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "बंदूक होय. मग झाकली कशाला? मला वाटलं काही भलतंच नेताय." मग त्याचं लक्ष टोकाकडे गेलं. "हे आपलं माउथपीस काढायचं ना? दहावीत माझा... म्हणजे ट्रम्पेट वाजवणाऱ्या डेलाचा अडकला होता."

वेंडेलनं बंदूक हातात घेतली, अवजाराचा स्क्रू सैल केला, चोकला किल्ली लावली आणि मनगट जरासं फिरवलं. चोक निघून त्याच्या तळहातावर आला.

"किती दिवस झगडतोयस?"

"चार."

"चार दिवस तू हा घट्ट करत होतास. बंदूक आपल्याकडे तोंड करून धरली की डावं-उजवं बदलतं."

त्यानं माझ्या डबीतला पाच खाचांचा चोक स्वतःच बसवला, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. मी कापडाची घडी घालत राहिलो. माणसाला अब्रू असते, पण ती दर वेळी दाखवायलाच हवी असं नाही.

शनिवारी मोसम उघडला. चर्चच्या तळघरात पहाटेपासून पॅनकेक आणि सॉसेज, सगळं गाव नारिंगी जाकिटांत. दहाच्या ठोक्याला आम्ही अर्लिनच्या मक्याच्या पट्ट्यापाशी. आमच्याकडची रीत अशी, की पाचसहा जण पट्ट्याच्या एका टोकानं आत शिरून चालत येतात आणि दोघंतिघं दुसऱ्या टोकाला वाट अडवून उभे राहतात. फेझंट उडण्याचा आळस करतो, मक्याच्या ओळींमधून पळत पळत टोकाला येतो, आणि पुढे माणूस दिसला की मगच वर उठतो. गोळी फक्त नरावर घालायची. म्हणून पक्षी उठला की ज्याला आधी दिसेल त्यानं "कोंबडा" नाहीतर "कोंबडी" असं ओरडायचं. नऊ वर्षं मी चालणाऱ्यांतच होतो. अडवणारा होणं हा मान असतो. या वर्षी पर्लला चालवत नव्हतं, म्हणून मी अर्लिनना विचारलं, आम्ही दोघं तुमच्याशेजारी उभं राहू का.

"राहा," अर्लिन म्हणाले. ते उलट्या बादलीवर बसले होते, मांडीवर त्यांच्या वडिलांची जुनी बंदूक. "फक्त मध्ये दहा पावलं सोड. आणि माझ्याकडे वळून नेम धरू नकोस. मला अजून ख्रिसमस बघायचाय."

त्यांच्या बंदुकीचा चोक नळीतच घडवलेला, एकदम घट्ट, न निघणारा. त्यात स्टील चालतच नाही, म्हणून त्यांच्या खिशात शिसं. माझ्या खिशात स्टील. पर्ल आमच्या दोघांच्या मधोमध बसली, खालच्या ओल्या गवतात, थोडी अर्लिनच्या बाजूला सरकून. मला ते दिसलं.

मक्यातून माणसांचे आवाज जवळ येऊ लागले. पानं वाजत होती. आधी एक कोंबडी उठली, डुएन आतून ओरडला, ती निघून गेली. मग आणखी दोन. मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या छातीत ठोके पडत होते, खरं सांगतो, संगीतसभेच्या पहिल्या दिवशी पडतात तसे. माझ्या मनात फक्त ही कुत्री होती. तिची कंबर थंडीनं थरथरत होती आणि कान मात्र ताठ होते.

टोकापासून पंधरा पावलांवर कोंबडा उठला. केवढा मोठा, गळ्यात पांढरी पट्टी, लांब शेपूट, आणि उठताना खवळून ओरडत. "कोंबडा," अर्लिन शांतपणे म्हणाले. तो आमच्या दोघांच्या डोक्यांवरून उंच वळला. मी बंदूक उचलली. मी नेम धरला असं म्हणणार नाही. त्याच्या पुढे कुठेतरी नळी गेली आणि मी चाप ओढला.

बार झाला. एक बार झाला, एवढंच मला ऐकू आलं. पक्षी हवेत गोळा झाला आणि तारेच्या अलीकडे, गवतात, धप्प पडला.

मी अर्लिनकडे पाहिलं. त्यांच्या बंदुकीच्या तोंडातूनही धूर निघत होता.

पर्ल उठली. उठायला तिला दोन प्रयत्न लागले. ती लंगडत गेली, गवतात नाक घातलं, पक्षी तोंडात धरला, मान उंच केली आणि परत आली. आमच्यापासून पाच पावलांवर ती थांबली. एकदा अर्लिनकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. असं थांबलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडे आली आणि पक्षी माझ्या हातात दिला.

मी खाली बसलो. काय बोललो ते मला आठवत नाही. कोंबडा गरम होता आणि तिची लाळ माझ्या बाहीत गेली. माझे डोळे भरून आले होते, आणि वारा होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

डुएन मक्यातून बाहेर आला, जाकिटाला कुसळं लागलेली. "कुणाचा?"

"जावयाचा," अर्लिन म्हणाले.

"मी दोन बार ऐकले."

"प्रतिध्वनी असेल."

"सपाट शेतात? इथे प्रतिध्वनी यायला सत्तर मैलांत एक तरी डोंगर आहे का?" डुएननं अर्लिनची बंदूक उघडायला लावली. आतून काडतुसाचं रिकामं टरफल उडालं आणि ओल्या गवतात पडून वाफ सोडू लागलं. अर्लिननी टरफलाकडे असं पाहिलं, की जणू ते कुणा परक्याचं आहे.

"मी बार हवेत उडवला," ते म्हणाले. "सवयीनं."

डुएनला एवढं पुरे झालं. दिवसभर त्याला दुसरा विषय नव्हता. कुत्री म्हातारी झालीय, नजर गेलीय, ती चुकली असेल. गेलननं, म्हणजे मी, आयुष्यात कोठाराला बार मारला तर कोठार चुकेल. संध्याकाळपर्यंत पैजा लागल्या. आणि आमच्या दारातून परतताना त्यानं त्या कोंबड्याच्या पायाला नारिंगी फीत बांधली. "याला वेगळा शिजवा," तो मार्नीला म्हणाला. "उद्या चर्च सुटलं की मी जेवायला येतो. मांसात छर्रे राहतातच. अर्लिनचं शिसं, याचं स्टील. मी लोहचुंबक आणतो. चिकटला तर याचा, नाही चिकटला तर अर्लिनचा. वाद मिटला."

"तुला कोणी बोलावलंय का?" मार्नी म्हणाली.

"सत्याला बोलावणं लागत नाही."

मी त्या रात्री नीट झोपलो नाही. मला ट्रॉफी नको होती, पैजाही नको होत्या. मला एवढंच वाटत होतं, की पर्लनं नऊ वर्षांत एकदा मला दिलेली वस्तू दुसऱ्याची निघू नये. आणि त्याहून वाईट विचार म्हणजे, निघाली तर चूक तिची ठरेल. एवढं चोख आयुष्य, आणि शेवटच्या दिवशी चूक.

रविवारी दुपारी मार्नीनं तो कोंबडा मश्रूमच्या दाट सूपमध्ये, भाताबरोबर, भट्टीत शिजवला. पक्षी साफ करताना काही दिसलं का, हे मी दोनदा विचारलं. "मी शोधत बसले नाही," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तिनं हातातला डाव फेकून मारला असता. अर्लिन आणि डुएन धरून आम्ही चौघं टेबलाभोवती. चौकड्यांच्या कापडाला तेलाचा डाग पडला होता, तो माझ्या ताटाखाली येईल असं मी बघितलं. पर्ल माझ्या पायांवर झोपली होती. डुएननं खिशातून घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक काढून ताटाशेजारी ठेवला, काट्या-चमच्याच्या रांगेत.

"चावून खा," तो म्हणाला. "ज्याला सापडेल त्यानं बाहेर काढायचा."

इतक्या गंभीरपणे जेवण झालेलं मी कुणाच्या मयतीनंतरसुद्धा पाहिलं नाही. सगळे हळूहळू चावत होते, जिभेनं चाचपत होते. डुएननं एक मांडी संपवली, हाडं चुंबकावरून फिरवली, काही नाही. दुसरी मांडी, काही नाही.

मग माझ्या दाताखाली काहीतरी कडक आलं.

मी थांबलो. जिभेनं बाजूला घेतलं. गोल, बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढं. दातांत धरून जरा दाबलं असतं तर मला तिथल्या तिथे कळलं असतं, शिसं दबतं, स्टील दबत नाही. डुएन माझ्याकडेच बघत होता. मी दाबलं नाही. ग्लास उचलला आणि दुधाच्या घोटाबरोबर ते गिळून टाकलं.

ग्लास खाली ठेवला तेव्हा समोर अर्लिन दिसले. त्यांचंही चावणं थांबलं होतं. जबडा एका बाजूला सरकलेला, गालात काहीतरी धरलेलं. बसवलेल्या दातांना तर असली गोष्ट लगेच कळते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कॉफीकडे. एक मोठा घोट घेतला. कंठमणी वर गेला आणि खाली आला.

मार्नीनं हातरुमालानं तोंड टिपलं, रुमालाची अगदी व्यवस्थित घडी केली आणि ती एप्रनच्या खिशात ठेवली. ती रुमाल खिशात कधी ठेवत नाही.

डुएननं शेवटचं हाड चुंबकावरून फिरवलं. मग सूप गाळून पाहिलं. मग आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"एकही नाही?"

"मला तर नाही लागला," अर्लिन म्हणाले.

"मलाही नाही," मार्नी म्हणाली.

मी मान हलवली. तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती.

"अरे, मग तो कोंबडा मेला कशानं?"

अर्लिननी काटा ताटात ठेवला, खाली वाकून टेबलाखाली पर्लच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "धसक्यानं. जावयानं नेम धरलेला पाहिला ना त्यानं. म्हणून तर कुत्रीनं बरोबर माणसाला नेऊन दिला."